सूर्य आणि कोळशाचा भाव

शिक्षकांच्या शिबिरात ऊर्जेवर बोलायला गेलो की एक प्रश्न आम्हांला हमखास विचारला जातो. सूर्याची ऊर्जा फुकट आहे, अमाप आहे, कधी संपणार नाही, असे तुम्ही मंडळी इतकी वर्षे सांगत आलात. मग जगातली निम्म्याहून अधिक वीज अजून कोळसा आणि वायू जाळूनच का तयार होते? मागे एका शाळेत आठवीतल्या मुलीने हाच प्रश्न जास्त नेमका करून विचारला. "तुम्ही शाळेत होता तेव्हाही पुस्तकात सौर ऊर्जा ही 'उद्याची ऊर्जा' होती का?"

होती. आमच्या पुस्तकात होती, आमच्या गुरुजींच्या वेळीही तसेच बोलले जात होते, आणि शोध घेत मागे गेलो तर हा 'उद्या' जवळजवळ दीडशे वर्षे जुना निघतो. त्याची एक खूण तर मुंबईतच सापडते. तेव्हा भविष्याविषयी काही बोलण्याआधी हा 'उद्या' दर वेळी का टळला ते पाहू. त्याचे उत्तर भौतिकशास्त्राच्या पुस्तकात अर्धेच सापडते. उरलेले अर्धे कोळशाच्या दुकानात आहे.

कुलाब्यातले यंत्र

1870 नंतरच्या दशकात मुंबईच्या उच्च न्यायालयात विल्यम अ‍ॅडम्स नावाचे इंग्रज गृहस्थ डेप्युटी रजिस्ट्रार होते. काम कागदपत्रांचे, पण नाद आरशांचा. ऊन आरशांनी एकत्र करून पाणी उकळता येईल आणि त्या वाफेवर यंत्र चालवता येईल, या कल्पनेने त्यांना झपाटले होते. मिडल कुलाब्यातल्या आपल्या आवारात त्यांनी प्रयोग मांडले. लाकडी चौकटीत साध्या सपाट काचेचे, मागे चांदीचा लेप दिलेले छोटे छोटे आरसे बसवले. प्रत्येक आरसा साधारण 17 इंच लांब आणि 10 इंच रुंद. सगळ्या आरशांचे कवडसे एकाच जागी पाडले, तेव्हा वीस फुटांवर ठेवलेले लाकूड पेटले. मग त्या जागी त्यांनी बॉयलर ठेवला. आरशांची चौकट बॉयलरभोवती अर्धवर्तुळात सरकवण्याची सोय केली आणि सूर्य जसा सरकेल तशी ती सरकवायला एक माणूस ठेवला. या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप चालला. तो पाहायला अ‍ॅडम्स यांनी लोकांना बोलावलेही होते.

त्यांनी सूर्यचूलही केली होती. आठ आरशांचा अष्टकोनी नरसाळ्यासारखा आकार, मध्ये भांडे आणि भांड्यावर काचेचे आवरण. जानेवारीच्या मुंबईतल्या उन्हात सात शिपायांचे जेवण तिच्यावर दोन तासांत शिजले, असे त्यांनी नोंदवले आहे. उष्ण देशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता वापरण्याविषयीचे त्यांचे इंग्रजी पुस्तक 1878 साली मुंबईतच छापले गेले.

आज वाळवंटात मनोरा उभारून त्यावर हजारो सपाट आरशांनी ऊन फेकणारी वीजकेंद्रे आहेत. त्यांची मूळ कल्पना या कुलाब्यातल्या चौकटीत पुरेपूर दिसते. अ‍ॅडम्स यांची चाल साधी पण शहाणपणाची होती. वक्र आरसा घडवणे महाग पडते, आणि घासून चकचकीत केलेला धातू हवेने काळवंडतो. सपाट काच बाजारात मिळते, एखादी फुटली तर तेवढीच बदलता येते.

पण त्या वेळच्या मुंबईची गरज काय होती, तेही पाहायला हवे. कापडगिरण्यांच्या चिमण्या शहरात उभ्या राहत होत्या. त्यांच्या बॉयलरांसाठी बंदरात विलायतेहून जहाजाने कोळसा उतरत असे. रानीगंजच्या खाणी दूर बंगालात. म्हणजे कोळसा महाग आणि ऊन मुबलक. अ‍ॅडम्स यांच्या यंत्राला याहून अनुकूल गाव शोधून सापडले नसते. तरीही गिरण्यांनी ते घेतले नाही. गिरणी पहाटेच सुरू व्हायची, पावसाळ्यातही चालायची, आणि तिला अडीच नव्हे तर शेकडो अश्वशक्ती लागत. पुढे 1915 साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईला वीज मिळू लागली आणि गिरण्यांनी वाफ सोडली ती पाण्यासाठी. ते पाणीही सूर्यानेच समुद्रातून उचलून सह्याद्रीवर टाकलेले, एवढेच काय ते समाधान!

गणिताच्या मास्तरांचे स्वप्न

अ‍ॅडम्स यांना स्फूर्ती मिळाली होती ती एका फ्रेंच शिक्षकाकडून. ओग्युस्तँ मूशो हे फ्रान्समधल्या तूर या गावी माध्यमिक शाळेत गणित शिकवत. (गावाच्या नावाचा आपल्या डाळीशी संबंध नाही.) फ्रान्समध्ये कोळसा बेताचाच. आज ना उद्या तो संपेल, मग कारखाने कशावर चालतील, या काळजीने त्यांनी 1860 च्या सुमारास सूर्यावर प्रयोग सुरू केले. 1866 साली त्यांचे पहिले सौर इंजिन तयार झाले आणि ते सम्राट तिसऱ्या नेपोलियनला दाखवले गेले. 1870 साली जर्मनांशी युद्ध झाले, सम्राटाची सत्ता गेली, आणि त्या धामधुमीत ते इंजिनही नाहीसे झाले. मूशो शाळेत शिकवत राहिले आणि पुन्हा नवे यंत्र करू लागले.

त्यांचा मोठा दिवस उजाडला 1878 च्या पॅरिस प्रदर्शनात. तिथे त्यांनी प्रचंड शंकूच्या आकाराचा आरसा उभारला होता. त्याच्या उष्णतेने वाफ केली, आणि मग त्याच उष्णतेवर शीतयंत्र चालवून बर्फ तयार केला. उन्हापासून बर्फ! बघ्यांना ही जादू वाटली असणार. (आपल्या विद्यार्थ्यांनाही वाटेल, उष्णता देऊन थंडी कशी निर्माण होते हे एका तासिकेत सांगून पाहावे.) मूशोंना सुवर्णपदक मिळाले. त्यांचे सहकारी आबेल पिफ्र यांनी 1882 साली पॅरिसच्या एका बागेत सौर इंजिनावर छापखाना चालवला आणि तासाला पाचशे प्रती या वेगाने एक वृत्तपत्र छापले. त्याचे नावही 'सूर्य-पत्र' अशाच अर्थाचे होते.

मग अडले कुठे? फ्रेंच सरकारने या यंत्राची तपासणी करवली. यंत्र चालते यात वाद नव्हता. पण मधल्या काळात इंग्लंडशी व्यापारी करार होऊन तिकडचा कोळसा स्वस्त आला होता आणि रेल्वेने तो गावोगाव पोचू लागला होता. निष्कर्ष निघाला की सौर यंत्र परवडत नाही. अनुदान थांबले. मूशो पुन्हा गणिताकडे वळले आणि 1912 साली पॅरिसमध्ये गरिबीत वारले.

याच सुमारास अमेरिकेत जॉन एरिक्सन नावाचे नामांकित अभियंते सौर इंजिनांवर वर्षानुवर्षे काम करत होते. त्यांचाही अनुभव हाच. उष्णता फुकट मिळते हे खरे, पण ती गोळा करण्याचे साधन इतके मोठे आणि खर्चिक की सूर्याची वाफ कोळशाच्या वाफेहून कितीतरी पट महाग पडते.

इथे क्षणभर थांबू, कारण सगळ्या इतिहासाची मेख इथेच आहे. भर दुपारी स्वच्छ उन्हात एक चौरस मीटर जागेवर सुमारे एक किलोवॅट ऊर्जा पडते. ऐकायला पुष्कळ वाटते, पण ती पसरलेली आहे. कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांचे ऊन दाबून एका टोपलीत भरलेले. सूर्यावर चालायचे तर ती टोपली रोज नव्याने भरावी लागते आणि त्यासाठी अंगण मोठे लागते. शिवाय पैशाचे गणित उलटे होते. कोळशाच्या इंजिनाला सुरुवातीचा खर्च कमी, मग दर महिन्याला कोळसा घ्यायचा. सौर यंत्रात पुढच्या वीस वर्षांचे इंधन जणू पहिल्याच दिवशी विकत घ्यावे लागते. कर्ज काढून घेतले तर त्यावर व्याज. म्हणून सौर ऊर्जेचा दर ठरवताना ऊन किती पडते याइतकेच सावकार किती टक्के घेतो हेही पाहावे लागते. आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात ही गोष्ट कोणीच सांगितली नव्हती, याचे आजही नवल वाटते.

नाईलकाठचा पंप

तिसरा प्रयत्न या सगळ्यांत भव्य होता. फिलाडेल्फियाचे फ्रँक शुमन हे काचेत तारेची जाळी घालून ती मजबूत करण्याच्या शोधामुळे सधन झालेले संशोधक. त्यांनी 1913 साली इजिप्तमध्ये, कैरोच्या दक्षिणेला माआदी येथे, सौर पंपकेंद्र सुरू केले. त्यात अन्वस्ताकार छेदाचे पाच लांबलचक आरसे होते, पन्हळीसारखे. प्रत्येक सुमारे 62 मीटर लांब आणि 4 मीटर रुंद. अन्वस्ताच्या नाभीतून पाण्याची नळी गेलेली. ही अन्वस्ताची सूचना ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स बॉइज यांची. सूर्याबरोबर आरसे आपोआप कलत. या वाफेवर सुमारे 55 अश्वशक्तीचे इंजिन चालून नाईलचे पाणी कापसाच्या शेतांना मिळू लागले.

ही आकडेमोड वर्गात अवश्य करावी. आरशांचे क्षेत्रफळ 5 × 62 × 4 म्हणजे 1,240 चौरस मीटर. त्यावर पडणारी ऊर्जा दुपारी सुमारे 1,240 किलोवॅट. मिळाली 55 अश्वशक्ती, म्हणजे सुमारे 41 किलोवॅट. कार्यक्षमता भरते तीन टक्क्यांच्या थोडी वर. आज तेवढ्याच जागेत साधी सिलिकॉनची पॅनेल मांडली तर दुपारी 250 किलोवॅट वीज मिळेल. शुमन यांचे इंजिन वाईट नव्हते. कमी तापमानाच्या वाफेतून याहून फार काम निघतच नाही, हा उष्मागतिकीचा नियम त्यांना आडवा आला.

तरी इजिप्तमध्ये कोळसा बाहेरून आणावा लागे, त्यामुळे हिशेब जमत होता. इंग्रज प्रशासक लॉर्ड किचनेर यांनी सुदानमध्ये कापसाच्या मोठ्या जमिनीवर असे केंद्र उभारायची तयारी दाखवली, जर्मन संसदेनेही आपल्या आफ्रिकी वसाहतींसाठी पैसे मंजूर केले. शुमन यांची नजर त्याहून लांब होती. सहारा वाळवंटातल्या सुमारे वीस हजार चौरस मैलांवर आरसे मांडले तर जगभरच्या कोळशा-तेलाइतकी शक्ती मिळेल, असा त्यांचा हिशेब होता. जगाची सारी गरज सूर्यावर भागवण्याचे गणित इतके जुने आहे!

1914 साली महायुद्ध पेटले. अभियंते आपापल्या देशी परतले, केंद्र बंद पडले, त्याचा धातू मोडीत गेला. 1918 साली शुमन वारले. तोवर इराणात तेल सापडून सहा वर्षे नव्हे, तब्बल दहा वर्षे झाली होती. तेल कोळशापेक्षाही सोयीचे निघाले, वाहायला सोपे आणि साठवायला सोपे. पुढची पन्नास वर्षे सूर्याच्या इंजिनाची फारशी कोणी विचारपूस केली नाही.

दुसरे अ‍ॅडम्स

गंमत म्हणजे कुलाब्यात विल्यम अ‍ॅडम्स आरसे मांडत होते त्याच सुमारास, 1876 साली, लंडनच्या किंग्ज कॉलेजात दुसरे एक विल्यम अ‍ॅडम्स वेगळ्याच खटपटीत होते. हे प्राध्यापक विल्यम ग्रिल्स अ‍ॅडम्स. त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी रिचर्ड डे यांनी सेलेनियमच्या कांडीवर प्रकाश पाडला तेव्हा तिच्यातून विद्युतप्रवाह वाहिला. वाफ नाही, चाक नाही, हलणारा एकही भाग नाही. प्रकाशाने विद्युत परिणाम होतो हे बेकेरेल या फ्रेंच तरुणाने 1839 सालीच पाहिले होते, पण ते द्रावणात. इथे ते घन पदार्थात घडत होते. मुंबईच्या अ‍ॅडम्सनी उष्णता पकडली, लंडनच्या अ‍ॅडम्सनी प्रकाश. त्या वेळी पैजेवर कोणी विचारले असते तर आम्ही मुंबईकरांवरच पैसे लावले असते आणि हरलो असतो.

1883 साली न्यू यॉर्कच्या चार्ल्स फ्रिट्स यांनी सेलेनियमवर सोन्याचा अतिशय पातळ थर देऊन सौर घट बनवले. कार्यक्षमता एक टक्का. हा प्रकार का घडतो हे तेव्हा कोणालाच उमगत नव्हते. ते उमगायला आइन्स्टाइनचा 1905 चा निबंध आणि नंतरची पुंजयामिकी यावी लागली. सेलेनियम मात्र एक टक्क्यापुढे सरकला नाही.

खरी उडी 1954 सालची. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत डॅरिल चेपिन यांच्याकडे एक साधे काम होते. उष्ण, दमट प्रदेशांत टेलिफोनच्या बॅटऱ्या खराब होत, त्यांना पर्याय शोधायचा. त्यांचे सहकारी केल्विन फुलर आणि जेराल्ड पिअर्सन सिलिकॉनमध्ये ठरावीक अशुद्धी मिसळून ट्रान्झिस्टरचे काम करत होते. तिघांनी मिळून सिलिकॉनचा सौर घट बनवला. सहा टक्के! पण चेपिन यांनी किमतीचा हिशेब मांडला तेव्हा एका वॅटला 286 डॉलर पडत होते. अशा घटांवर एक अमेरिकन घर चालवायचे तर 14 लाख डॉलरच्या वर खर्च आला असता. खेळण्यांखेरीज त्याचा उपयोग दिसेना.

या महाग वस्तूला गिऱ्हाईक मिळाले ते आकाशात. 1958 च्या मार्चमध्ये व्हॅनगार्ड-1 हा अमेरिकेचा छोटा उपग्रह सहा सौर घटसमूह घेऊन वर गेला. त्यातला साध्या बॅटरीवरचा प्रक्षेपक तीनेक महिन्यांत गप्प झाला; सौर घटांवरचा 1964 पर्यंत बोलत राहिला. अंतराळात कोळशाचा भाव विचारायला कोणी नसतो. आपला आर्यभटही 1975 साली अंगभर सौर घट लेवूनच गेला.

किंमत कशी उतरली

1973 च्या तेलटंचाईने जमिनीवरही सूर्याची आठवण झाली. तेल स्वस्त झाले तशी ती पुन्हा पुसट झाली. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या निवासावर 1979 साली बसवलेली पाणी तापवायची सौर यंत्रे 1986 साली उतरवून ठेवली गेली. मूशोंच्या बाबतीत जे झाले तेच पुन्हा होणार, असे त्या वेळी कोणालाही वाटले असते.

तसे झाले नाही, आणि त्याचे कारण सौर घटाच्या स्वभावात आहे. वाफेच्या इंजिनाला आकार लागतो. छोटे केले की ते निकामी ठरते. सौर घट छोटा केला तरी तितकाच कार्यक्षम राहतो. तो गणकयंत्रात बसतो, समुद्रातल्या तेलविहिरीच्या इशारादिव्यावर बसतो, दुर्गम गावातल्या दवाखान्यावर बसतो. जिथे तारेची वीज नेणे अशक्य किंवा फारच महाग, अशा एकेका कोपऱ्यात तो विकला गेला. एकच वस्तू लाखो वेळा बनवली की बनवणारा शिकतो. सिलिकॉनच्या चकत्या पातळ होतात, फुटतूट कमी होते, यंत्रे मोठी येतात. एकूण उत्पादन दुप्पट झाले की पॅनेलची किंमत साधारण वीस टक्क्यांनी उतरते, असा अनेक दशकांचा अनुभव आहे. मुलांना विचारावे: दहा वेळा दुप्पट म्हणजे किती? 1,024 पट. आणि 0.8 चा दहावा घात? सुमारे 0.11. म्हणजे उत्पादन हजारपट, किंमत नवव्या-दहाव्या हिश्शावर.

पण शिकायची फी कोणीतरी भरावी लागते. ती भरली अंतराळ कार्यक्रमांनी, मग जपानने, आणि मग जर्मनीने. 2000 सालच्या कायद्याने जर्मनीत छतावरची सौर वीज ठरावीक चढ्या दराने वीस वर्षे विकत घेण्याची हमी मिळाली. त्याचा भार तिथल्या सर्वसामान्य वीजग्राहकांनी आपल्या बिलातून उचलला. त्या मागणीच्या जोरावर चीनने अवाढव्य कारखाने काढले. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने 2022 साली नोंदवले की पॅनेल बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा 80 टक्क्यांहून अधिक आहे. पूर्वी तेलासाठी एका प्रदेशाकडे पाहावे लागे, आता पॅनेलसाठी एका देशाकडे, ही बाब आम्हांला सुखाची वाटत नाही. फरक इतकाच की तेल रोज लागते, पॅनेल एकदा आणले की पंचवीस वर्षे चालते.

चेपिन यांच्या 286 डॉलरच्या जागी आज पॅनेलचा एक वॅट पाव डॉलरच्याही खाली मिळतो. आपल्याकडे 2010 साली राष्ट्रीय सौर मिशन सुरू झाले तेव्हा पहिल्या बोलींत एका युनिटचा दर बारा रुपयांच्या आसपास होता. 2017 च्या मे महिन्यात राजस्थानातल्या भडला येथील प्रकल्पासाठी 2 रुपये 44 पैशांची बोली लागली. मूशो, अ‍ॅडम्स आणि शुमन ज्या दुकानात हरले, तिथे सूर्य पहिल्यांदाच कोळशापेक्षा स्वस्त ठरला.

महाराष्ट्राएवढी जमीन

आता शुमन यांचे गणित आपण आजच्या आकड्यांनी करू. जगात 2024 साली सुमारे 31,000 अब्ज युनिट वीज तयार झाली. चांगल्या उन्हाच्या प्रदेशात एका चौरस मीटरवर दिवसाला सरासरी पाच युनिट ऊर्जा पडते, वर्षाला सुमारे 1,800. धूळ, उष्णता, तारा यांतली गळती धरून पॅनेल त्यातली सोळा-सतरा टक्के देते असे मानू. म्हणजे वर्षाला 300 युनिट. पॅनेलांची एकमेकांवर सावली पडू नये म्हणून मध्ये जागा सोडावी लागते, रस्ते लागतात. ते धरून जमिनीच्या दर चौरस मीटरला 100 युनिट पकडू. भागाकार केला की उत्तर येते सुमारे 3,10,000 चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ आहे 3,07,713.

हे उत्तर प्रथम काढले तेव्हा आम्हीही आकडे दोनदा तपासले. अख्ख्या जगाच्या विजेसाठी एका महाराष्ट्राएवढी जमीन. तीही एकत्र नको, छपरे, पडीक माळ, वाळवंटे असे तुकड्यातुकड्यांनी चालेल. ऊन कमी पडत नाही आणि जागाही कमी पडत नाही. जगाच्या विजेत सौर वाटा 2015 साली जेमतेम एक टक्का होता, तो 2024 साली सात टक्क्यांच्या घरात गेला. दर तीन वर्षांनी दुप्पट. हाच वेग धरून कोणी पुढची बारा वर्षे सरळ रेघ ओढून 'शंभर टक्के' जाहीर करील, तर त्याला थांबवावे. जिवाणूंची वाढही सुरुवातीला अशीच दुपटीने होते आणि बशीतले अन्न संपत आले की मंदावते.

सौर विजेच्या बशीतले 'अन्न' म्हणजे दुपार. दुपारच्या विजेला जेवढी मागणी आहे तेवढी भरली की पुढचे पॅनेल निरुपयोगी. जर्मनी, कॅलिफोर्निया इथे काही दुपारी विजेचा भाव शून्याच्याही खाली जातो. आपल्या राजस्थानात 2025 साली वीज होती पण वाहून न्यायला तारा अपुऱ्या, म्हणून काही केंद्रांना उत्पादन आवरते घ्यावे लागले. आणि सूर्य मावळला की घरोघरी दिवे, पंखे, मिक्सर, दूरदर्शन संच सुरू होतात. भारताच्या सौर केंद्रांची क्षमता 2025 च्या जानेवारीत एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली, तरी 2024 साली देशातली सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशाचीच होती, ती यामुळे. शंभर मेगावॅटचे सौर केंद्र वर्षभरात शंभर मेगावॅटच्या कोळसाकेंद्राएवढी वीज देत नाही, त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकी देते, हेही वर्तमानपत्रातले आकडे वाचताना ध्यानात ठेवावे.

सूर्यचुलीचे नेमके हेच झाले होते. 1950 च्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने सूर्यचूल तयार केली, ती खपली नाही. पुढे पेटीच्या आकाराच्या चुली सवलतीत मिळाल्या. त्यांतली एखादी आपल्या शाळेच्या माळ्यावर अजून असेल. चूल शिजवत नव्हती असे नाही. भाकरी सकाळी सातला लागते आणि रात्री आठला.

मग उन्हाला अनुकूल काम कोणते? जे दुपारी केले तरी चालते ते. शुमन आणि कुलाब्याचे अ‍ॅडम्स दोघांनीही पंपच चालवला, यात योगायोग नाही. पाणी दुपारी उपसले काय नि रात्री उपसले काय, पिकाला सारखेच. उपसलेले पाणी हाच साठा. पावसाळ्यात ऊन नसते, पण तेव्हा पंपही लागत नाही. महाराष्ट्रात मात्र वर्षानुवर्षे उलटा प्रकार चालला. शेतीपंपांना पाळीने वीज, आणि निम्म्या पाळ्या रात्रीच्या. मध्यरात्री बॅटरी आणि काठी घेऊन, साप-विंचवाच्या भीतीने, बाऱ्याला जाणारा माणूस ज्यांच्या घरात आहे त्यांना 'दिवसा वीज' या दोन शब्दांचे मोल सांगायला नको. 2017 पासूनच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच लहान सौर केंद्र उभारून त्या वाहिनीवरच्या पंपांना दिवसा वीज द्यायची अशी रचना आहे. आमच्या मते सौर विजेचा महाराष्ट्रातला सर्वांत योग्य उपयोग हाच. धोका एकच. दिवसभर जवळजवळ फुकट पाणी उपसता आले तर विहिरी आणि बोअर कोरड्या पडायला वेळ लागणार नाही. ऊन उद्या पुन्हा येते, भूजल तसे येत नाही.

उरली संध्याकाळ. त्यासाठीचे एक जुने साधन सह्याद्रीत आहे. अकोले तालुक्यातल्या घाटघरला 2008 साली 250 मेगावॅटचे केंद्र सुरू झाले. जादा वीज असेल तेव्हा खालच्या धरणातले पाणी वरच्या धरणात चढवायचे आणि गरजेच्या वेळी तेच खाली सोडून वीज करायची. शंभर युनिटे खर्चली तर पाऊणशेच्या आसपास परत मिळतात. अशा केंद्रांत रात्रीच्या उरलेल्या विजेवर पाणी चढवण्याची प्रथा होती. दुपारच्या सौर विजेवर ते चढवता आले तर उत्तमच. दुसरे साधन लिथियमच्या बॅटऱ्या. 2010 साली एक युनिट साठवणाऱ्या बॅटरीसंचाला हजार डॉलरच्या वर पडत, 2024 साली सुमारे 115. पॅनेलची किंमत ज्या वाटेने उतरली तीच ही वाट दिसते. पण सलग चार ढगाळ दिवस, किंवा युरोपातला महिनाभराचा काळोखा हिवाळा, यांना पुरेल इतकी साठवण अजून कोणालाही परवडत नाही. तिथे वारा, पाणी, अणुशक्ती आणि लांब पल्ल्याच्या तारा यांची मदत लागणारच.

त्या आठवीतल्या मुलीला आम्ही शेवटी एवढेच सांगितले, की दुपारपुरता तो 'उद्या' आता उजाडला आहे. तिने लगेच विचारले, "आणि रात्रीचा?" तिच्या वहीत आम्ही बॅटरीच्या किमतीचे दोन बिंदू मांडून दिले, 2010 चा आणि 2024 चा, आणि पुढचे बिंदू दर वर्षी तिने स्वतः भरायचे असे ठरले.